क्रीडोद्यानांतील पंगत व दोन वर्षांचा पाहुणा

जेवणाचा इतिहास लिहिणारे पंडित बहुधा राजांच्या मुदपाकखान्यापासून आरंभ करितात आणि मोठ्या शहरांतील भोजनगृहांपर्यंत येऊन थांबतात. या सर्व प्रवासांत, ज्याला अजून नीट चमचाहि धरतां येत नाहीं अशा पाहुण्याची भेट कोठेंच होत नाहीं. त्याच्याकडे वळून पाहण्याचें कारण इतिहासकारांस वाटलें नसावें. कारण हा पाहुणा पैसे देत नाहीं, पदार्थांची स्तुति करीत नाहीं, आणि पुढें वाढलेल्या अन्नापैकीं निम्में जमिनीवर टाकतो. तथापि ज्यानें एकदां तरी दोन वर्षांच्या मुलास कडेवर घेऊन एकाद्या मोठ्या क्रीडोद्यानांत भर दुपारीं जेवणाची जागा शोधिली आहे, त्याच्यापुढें हा प्रश्न क्षुल्लक आहे असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये.

आमच्या मध्यमवर्गीय घरांना तर हा प्रश्न आतां परका राहिलेला नाहीं. मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियांत नाहीं तर न्यू जर्सींत स्थायिक होते, नातवंड दीड-दोन वर्षांचें होतें, आजी-आजोबा सहा महिन्यांच्या मुक्कामास तिकडे जातात, आणि त्या मुक्कामांत डिस्नेच्या नगरीची एक फेरी ठरलेलीच असते. तिकिटें, मोटार, हॉटेल यांची चर्चा महिनोन् महिने चालते. जेवणाची चर्चा मात्र 'तेथें कांहीं तरी मिळेलच' या एका वाक्यांत आटोपते. मिळतें हें खरें. परंतु जें मिळतें तें मुळांत कोणासाठीं योजिलेलें असतें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें.

लंडनच्या टेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील व्हॉक्सहॉलची बाग ही या सर्व उद्यानांची आजी म्हणावयास हरकत नाहीं. सतराव्या शतकांत सॅम्युएल पीप्स आपल्या रोजनिशींत तिचा उल्लेख करितो; पण तिला खरें वैभव आलें तें १७३२ सालीं, जोनाथन टायर्स यानें तिचा जीर्णोद्धार केल्यावर. झाडांच्या रांगांमधून ओळीनें लहान लहान खोप्या बांधिल्या होत्या, त्यांत फ्रान्सिस हेमन याच्या चित्रांची सजावट होती, आणि त्यांत बसून लोक रात्रीचें जेवण घेत. प्रवेशशुल्क बराच काळ अवघें एक शिलिंग होतें. मालकाची खरी कमाई पानावरची. तेथील हॅमचे काप इतके पातळ असत कीं त्यांतून वर्तमानपत्र वाचतां येतें, किंवा एका डुकराच्या मांडीनें सारी बाग आच्छादितां येईल, असे विनोद लंडनमध्यें पिढ्यान् पिढ्या चालत राहिले. आंत येणें स्वस्त, आंत खाणें महाग, हा क्रीडोद्यानांचा पहिला सिद्धान्त येथें जन्मास आला. ज्यांनीं कॉलेजांत थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' ही कादंबरी वाचली असेल त्यांना जॉस सेडली हा लठ्ठ गृहस्थ याच बागेंत पंच पिऊन आपली कशी शोभा करून घेतो, तें आठवेल. बाग सायंकाळीं उघडे, दिव्यांच्या रोषणाईसाठीं प्रसिद्ध होती, आणि मध्यरात्रीपर्यंत गजबजलेली असे. अशा ठिकाणीं दोन वर्षांचें मूल आणावें असें कोणत्याहि आईच्या मनांत आलें नसतें. १८५९ सालीं ती बाग कायमची बंद झाली. परंतु तिच्या मंद दिव्यांचें आणि उशिराच्या जेवणाचें वेड तिच्या वंशजांनीं अद्याप टाकलेलें नाहीं.

मुलाबाळांसह दिवसाउजेडीं बाहेर पडून, बाहेरच खाऊन घरीं परतण्याची संवय इंग्रज समाजास लावली ती १८५१ च्या महाप्रदर्शनानें. हाइड पार्कमधील त्या काचेच्या प्रासादांत साठ लाखांच्या घरांत प्रेक्षक आले. मे महिन्याच्या अखेरीपासून आठवड्यांतील चार दिवस एका शिलिंगांत प्रवेश मिळूं लागला आणि आगगाड्या भरभरून गांवोगांवचीं कुटुंबें लोटलीं. खाद्यपेयांचा मक्ता श्वेप्स कंपनीनें साडेपांच हजार पौंडांस घेतला होता. मद्यास बंदी. मग विकलें काय? मुख्यतः पाव, केक, सोडा. एकट्या 'बाथ बन' या गोड पावांची विक्री नऊ लाखांवर गेली. टीकाकारांनीं त्या पावांस नांवें ठेविलीं. पण मुलाच्या हातांत देतां येईल, सांडणार नाहीं, आणि बसावयास जागा नसली तरी चालेल, असें अन्न त्या दिवसांत प्रथमच एवढ्या प्रमाणांत विकलें गेलें. त्याच प्रदर्शनांत जॉर्ज जेनिंग्ज यानें एका पेनीस वापरण्याचीं शौचगृहें उभारिलीं होतीं, आणि त्यांचा लाभ आठ लाखांहून अधिक वेळां घेतला गेला. सुसंस्कृत निबंधांत हा विषय काढूं नये असा संकेत आहे खरा. परंतु लहान मुलाबरोबर जेवणाची जागा निवडतांना पहिला प्रश्न पदार्थांचा नसून तोच असतो, हें प्रत्येक आईस ठाऊक आहे.

याच सुमारास युरोपच्या मध्यभागीं अगदीं निराळी परंपरा रुजली होती. बव्हेरियांत १८१२ सालीं राजानें असा तोडगा काढिला कीं, बीअर गाळणारांनीं आपल्या तळघरांवरच्या बागांत बीअर खुशाल विकावी, परंतु जेवण विकूं नये. नाहीं तर खानावळवाल्यांचा धंदा बुडेल. त्याचा परिणाम असा झाला कीं, लोक घरून भाकरतुकडा घेऊन येऊं लागले. पुढें खाद्यविक्रीची मनाई गेली तरी शिदोरी उघडण्याचा हक्क मात्र राहिला. १९९९ च्या बव्हेरियन नियमांतहि बीअरबागेचें एक लक्षण म्हणून त्याचा उल्लेख आला आहे. बर्लिनकडील बागांतून तर 'येथें कुटुंबांना कॉफी करतां येईल' अशा पाट्या असत. कॉफीची पूड घरची, गरम पाणी तेवढें बागेचें. आमच्याकडील जत्रेंत झाडाखालीं फडकें पसरून दशम्या सोडणाऱ्या कुटुंबास ही पाटी वाचून आपल्याच गांवांत आल्यासारखें वाटलें असतें. बाग बसावयास देते, मूल कोणाचें व त्यानें काय खावें हें घर ठरवितें. माझ्या मतें लहान मुलाच्या दृष्टीनें याहून शहाणी व्यवस्था अद्याप निघालेली नाहीं.

कोपनहेगनचें तिवोली १५ ऑगस्ट १८४३ रोजीं उघडलें. त्याचा संस्थापक जॉर्ज कार्स्टेन्सन यानें राजास सांगितलें म्हणतात कीं, लोक करमणुकींत गुंतले म्हणजे राजकारणाचा विचार करीत नाहींत. राजानें त्यास सनद दिली. तिवोलींत उपाहारगृहें आरंभापासून होतीं आणि आजहि तेथें कित्येक लोक केवळ जेवावयास जातात. १९५१ सालीं एक अमेरिकन गृहस्थ हें उद्यान बारकाईनें पाहून गेला. त्याच्याकडे पुढें यावयाचेंच आहे.

आतां अमेरिकेंतील कोनी आयलंड. न्यूयॉर्कच्या कष्टकरी लोकांचा हा समुद्रकिनारा. चार्ल्स फेल्टमन यानें तेथें हातगाडीपासून आरंभ करून लांबट पावांत सॉसेज घालून विकण्याचा प्रचंड व्यवसाय उभारिला, आणि १९१६ सालीं नॅथन हँडवर्कर यानें तोच पदार्थ दहाऐवजीं पांच सेंटांस विकून फेल्टमनच्या तोंडचें पाणी पळविलें. हॉट डॉगचा हा इतिहास सर्वत्र सांगितला जातो. त्याच किनाऱ्यावर त्याच काळांत घडलेली दुसरी गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. १९०३ पासून चाळीस वर्षें मार्टिन कूनी नांवाचा एक गृहस्थ कोनी आयलंडवर अपुऱ्या दिवसांचीं बालकें काचेच्या ऊबपेट्यांत ठेवून तिकिट लावून दाखवीत असे. त्याच्या डॉक्टरकीच्या पदवीबद्दल शंका आहे. पण त्याच्या कामाबद्दल नाहीं. त्या काळीं पुष्कळ रुग्णालयांतून अशा बालकांची आशाच सोडून देत. कूनी त्यांच्या आईबापांकडून एक पैहि घेत नसे. प्रेक्षकांच्या तिकिटांवर दायांचा, परिचारिकांचा खर्च चाले. आपल्या हातून साडेसहा हजारांच्या आसपास बालकें वाचलीं असा त्याचा हिशेब होता. १९११ च्या मे महिन्यांत ड्रीमलँड जळून खाक झालें तेव्हां कांहीं वर्तमानपत्रांनीं बालकें दगावल्याचें छापिलें. वस्तुतः सर्व सुखरूप बाहेर काढिलीं गेलीं होतीं.

या कूनीचा एक दंडक असा होता कीं, बालकांना दूध पाजणाऱ्या दायांनीं सकस अन्नच खावें. बाहेर जाऊन कोणी हॉट डॉग खातांना सांपडली कीं तिची नोकरी गेली. भोंवतालीं लाखों लोक जें मिटक्या मारीत खात होते, तें मुलाच्या पोटांत दुधावाटेंहि जाऊं नये म्हणून त्याच आवारांत पहारा! करमणुकीच्या बागेंतील अन्न आणि तान्हें मूल यांचा जो जुना झगडा आहे, त्याचें इतकें स्पष्ट चित्र दुसरें सांपडणार नाहीं.

मुलांसाठीं निराळें भोजनपत्रक ही कल्पनाहि याच झगड्यांतून निघाली, आणि तिच्या मुळाशीं वात्सल्यापेक्षां हिशेब अधिक होता. १८९४ सालीं डॉ. एमेट होल्ट यांनीं बालसंगोपनावर जें पुस्तक लिहिलें त्यानें अमेरिकन मातांच्या दोन पिढ्यांवर राज्य केलें. मसाले नकोत, पक्वान्नें नकोत, जें चविष्ट तें संशयास्पद, असा त्याचा एकंदर सूर. पुढें १९२० मध्यें दारूबंदी आली. मोठ्या हॉटेलांचें मद्याचें उत्पन्न बुडालें, आणि ज्या मुलांना तोंवर भोजनगृहांत कोणी उभें करीत नसे त्यांच्याकडे मालकांची नजर गेली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियानें १९२१ मध्यें चित्रांचें बालभोजनपत्रक काढिलें. पदार्थ होल्टच्या वळणाचे, म्हणजे उकडलेले व बेचव. पुढें त्यांची जागा तळलेल्या बटाट्यांनीं घेतली, हा उलट टोकाचा प्रमाद. तो दुरुस्त होण्यास बराच काळ लागला: डिस्नेनें आपल्या उद्यानांतील मुलांच्या ताटांत तळलेल्या बटाट्यांऐवजीं फळें-भाज्या आणि सोड्याऐवजीं दूध, पाणी किंवा फळांचा रस आपण होऊन देण्याचें ठरविलें तें २००६ सालीं.

परंतु या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण कॅलिफोर्नियांतील ब्युएना पार्क येथील आहे. वॉल्टर नॉट हा तेथील एक शेतकरी, बोरीवर्गीय फळें पिकवून रस्त्याकडेला विकणारा. महामंदीचे दिवस. १९३४ च्या जून महिन्यांत त्याच्या पत्नीनें, कॉर्डेलियानें, तळलेल्या कोंबडीचें जेवण करून आठ पाहुण्यांना वाढिलें. दर पासष्ट सेंट. त्या दिवशीं बशा कमी पडूं नयेत म्हणून तिनें आपल्या लग्नांतील चिनीमातीचीं भांडीं काढिलीं होतीं. जेवणाची कीर्ति पसरली. थोड्याच वर्षांत रविवारीं चार हजारांपर्यंत पानें उठूं लागलीं आणि रांग तासन् तास हलेना. आतां या रांगेंतील मुलांचें काय करावें? नॉटनें त्यांना दाखविण्यासाठीं कांहीं ना कांहीं मांडावयास आरंभ केला: काचेच्या भिंतींचें मधमाश्यांचें पोळें, जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरांतील शेकोटीची प्रतिकृति, आणि १९४० पासून जुन्या लांकडी इमारतींचें एक ओसाड सोनेखाणींचें गांव, ज्याला तो 'घोस्ट टाउन' म्हणे. त्याच्या आजीनें १८६८ सालीं छप्पराच्या बैलगाडीनें टेक्सासहून जो प्रवास केला, त्याचें स्मारक म्हणूनहि तें गांव त्याच्या मनांत होतें. लोक जेवणासाठीं येत आणि गांव पाहात. हळूहळू गांव पाहण्यासाठीं येऊन जेवूं लागले. १९६८ सालीं भोंवती कुंपण पडून तिकिट सुरू झालें.

म्हणजे येथें उद्यानांत उपाहारगृह निघालें नाहीं. उपाहारगृहाच्या रांगेंतून उद्यान निघालें. ताटकळणारें मूल हें त्या सगळ्या डोलाऱ्याचें आद्य कारण. नॉटला एक गोष्ट कळली होती कीं, भुकेलें मूल पांच मिनिटेंहि थांबत नाहीं; मात्र मधमाश्या दिसत असतील तर अर्धा तास थांबतें. आजच्या कोणत्याहि क्रीडोद्यानांत जेवावयाची जागा निवडतांना मी प्रथम रांगेची जागा पाहावी असें सांगेन. ती उन्हांत आहे कीं सावलींत, तिच्याजवळ पाण्याचें कारंजें, बदकें, फिरता घोडा असें कांहीं आहे कीं नाहीं. पदार्थांचें पत्रक मागाहून वाचलें तरी चालेल.

वॉल्ट डिस्ने हा तिवोली पाहून गेलेला गृहस्थ. आपल्या मुली फिरत्या घोड्यांवर बसल्या असतां आपण बाकावर शेंगदाणे खात बसत असूं, आणि आईबापांना मुलांसह रमतां येईल असें स्थळ हवें हें तेथेंच आपल्या मनांत आलें, असें तो सांगत असे. १७ जुलै १९५५ रोजीं अ‍ॅनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें तें मात्र जेवणाच्या बाबतींत फजितीनें. बोलाविल्याहून कितीतरी अधिक लोक आले, उपाहारगृहांतील अन्न संपलें, नळकामगारांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते, आणि कडक उन्हांत नवें डांबर मऊ झालें होतें. प्रारंभीं तेथील कित्येक खाद्यगृहें बाहेरच्या कंपन्यांच्या नांवांनीं चालत. १९६७ च्या मार्चमध्यें 'ब्लू बायू' निघालें. आंत कायमची सायंकाळ, कृत्रिम काजवे, आणि पाण्यांतून समोरून सरकणाऱ्या समुद्रचाच्यांच्या सफरीच्या होड्या. मोठ्या माणसांस तें स्वप्नवत् वाटतें. पण ही व्हॉक्सहॉलचीच परंपरा, अंधारांत जेवण्याची. आणि ज्या मुलाला दुपारच्या झोपेची वेळ झालेली आहे त्याच्या मनांत अंधार पाहून दोनपैकीं एकच विचार येतो, झोपणें किंवा रडणें. फ्लॉरिडांतील डिस्नेच्या एका उपाहारगृहांत, जें १९९१ सालीं निघालें, जुन्या मोटारींच्या आकाराच्या बैठकांत सर्वांनीं पडद्याकडे तोंड करून जेवावयाचें असतें. कल्पना झकास, पण ज्याला भरवावयाचें तोच समोर नसेल तर आईनें घांस द्यावा कसा?

फ्लॉरिडांतील मॅजिक किंगडम १९७१ च्या ऑक्टोबरांत उघडलें आणि त्यांत 'क्रिस्टल पॅलेस' नांवाचें एक काचेचें भोजनगृह आहे. हाइड पार्कचा तो प्रासाद आगींत नाहींसा होऊन अर्धशतक उलटण्यापूर्वींच त्याचें नांव अमेरिकेंतल्या बुफेला मिळावें, हा इतिहासाचा विनोदच. मात्र निवडीच्या दृष्टीनें पाहतां, तान्ह्या पाहुण्यास असलीच जागा बरी: उजेड भरपूर, आवाज छताशीं विरून जाणारा, आणि बुफे असल्यानें अन्न तात्काळ. बसल्याबरोबर केळें किंवा भात पुढें येणें आणि मागणी देऊन पाउण तास वाट पाहणें, यांतील अंतर मोठ्यांस कळत नाहीं. मुलास तें फार कळतें. शिवाय तीन वर्षांखालील मुलास तेथें प्रवेशाचें तिकिट नाहीं, आणि ठराविक दराच्या पंगतींत त्याचें निराळें मूल्यहि घेत नाहींत. टेबलावर बसून जेवावयाचें असल्यास साठ दिवस आधीं जागा राखून ठेवतां येते. ती दुपारीं एकची न घेतां अकराची घ्यावी. आजोबांना तेव्हां भूक नसेल, पण ही पंगत आजोबांची नव्हे. शाकाहारी आजींच्या प्रश्नाचें उत्तरहि अलीकडे सोपें झालें आहे. २०१९ पासून वनस्पतिज पदार्थ तेथील पत्रकांतून खुणेनें दाखविले जातात.

वेषधारी पात्रें टेबलापाशीं येऊन भेटतात, अशा भोजनांचें तिकडे मोठें प्रस्थ आहे. चार-पांच वर्षांच्या मुलास यासारखा आनंद नाहीं. दोन वर्षांच्या मुलास मात्र चित्रांतला उंदीर आवडतो म्हणून साडेपांच फुटांचा उंदीर आवडेलच असें नाहीं. मागें एका उद्यानांत मीं हें प्रत्यक्ष पाहिलें आहे. त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. शेजारच्या टेबलावरील मुलगी त्या उंदराची पाठ फिरेपर्यंत आईच्या मानेंत तोंड खुपसून बसली, आणि तिच्या वडिलांनीं या सोहळ्याचे माणशीं मोजलेले डॉलर त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचतां येत होते. अशा जागीं जावयाचेंच तर भिंतीकडेचें टेबल मागून घ्यावें, म्हणजे पात्र दुरून येतांना दिसतें.

खुर्चीबद्दल फार लिहीत नाहीं. उंच बाळखुर्ची युरोपांत सतराव्या शतकापासून आहे. नॉर्वेच्या पेटर ऑप्सविक यानें १९७२ सालीं मुलास सरळ मोठ्यांच्या टेबलाशीं आणणारी खुर्ची बनविली, तेव्हांपासून त्या कल्पनेंत नवी भर फारशी पडलेली नाहीं. डिस्नेच्या उद्यानांतून बाळांसाठीं जीं स्वतंत्र केंद्रें आहेत तेथें अशा खुर्च्या, दूध पाजण्याच्या शांत खोल्या आणि अन्न गरम करण्याची सोय असते. गर्दीच्या वेळीं पुष्कळांनीं भोजनगृहाचा नाद सोडून तेथेंच मुलाचें जेवण उरकावें, आणि मग मोठ्यांनीं निवांतपणें आपलें पाहावें. नॉटबाईंचें कोंबडीचें जेवणघर आज उद्यानाच्या दाराबाहेर आहे, त्याला तिकिट लागत नाहीं. मूल पेंगुळलें तर तिकिटाचे पैसे फुकट गेल्याची हळहळ न बाळगतां उठून जातां येतें.

राहिला शिदोरीचा प्रश्न. आमच्या देशांत त्याचा निवाडा चित्रपटगृहांच्या निमित्तानें झाला. २०१८ मध्यें महाराष्ट्रांतहि बाहेरचें खाद्य आंत नेऊं देण्यावरून मोठा वाद माजला होता. शेवटीं ३ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचें अन्न त्यानें नाकारलें तर तो त्याचा अधिकार. आणि त्याच वेळीं, आईबापांबरोबर तान्हें मूल असेल तर त्याच्यापुरतें अन्न नेण्यास हरकत घेत नाहींत ही गोष्टहि नमूद केली. न्यायासनावरून त्या दिवशीं जिलबीचा आणि प्रेक्षकांच्या चिकट बोटांचाहि उल्लेख झाला. डिस्नेच्या अमेरिकेंतील उद्यानांत बाहेरचें अन्न नेण्यास मज्जाव नाहीं. काचेच्या बाटल्यांना मात्र आहे, आणि त्या नियमाला एकच अपवाद छापलेला असतो तो बाळाच्या अन्नाच्या चिमुकल्या बरणीचा. असल्या गाळीव भाज्या विकण्याचा धंदा मिशिगनच्या गर्बर कुटुंबानें १९२८ सालीं आरंभिला. घरच्या मुलीसाठीं वाटाणे गाळतां गाळतां आई कंटाळली, एवढेंच त्याचें निमित्त. आमच्या आजींच्या पिशवींत बरणीऐवजीं मेतकूट-भाताचा डबा असतो. तो स्टीलचा असला म्हणजे दारावरील तपासनीस झांकण उघडून पाहतो, वास घेतो, आणि आंत जाऊं देतो.